उसने डोळे

तिन्ही फोटो दोरीला चिमट्यांनी टांगले होते आणि त्यांच्याखाली उभी राहून घरातली माणसं भांडत होती. आतल्या खोलीत म्हातारी आई झोपली होती म्हणून भांडण हळू आवाजात चाललं होतं. पण हळू आवाजातलं भांडण जास्त लागतं, हे आत्या आयुष्यभर बघत आली होती.

छापखान्याने सहा वाजेपर्यंतची मुदत दिली होती. मतदानाला दहा दिवस राहिलेले. उद्या सकाळी भिंती कोऱ्या दिसल्या तर त्या आपण होऊन समोरच्याला दिल्यासारख्या आहेत, असं मामाचं म्हणणं. मामा म्हणजे वहिनीचा भाऊ, आणि वहिनी आत्याच्या धाकट्या भावाची बायको. धाकट्याच्या प्रचाराची सगळी जबाबदारी त्याने अंगावर घेतली होती आणि गेल्या महिन्याभरात त्याचा आवाज घरात नको तितका वाढला होता.

धाकटा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो धाकटाच. शहराच्या प्रमुखपदासाठी उभा राहायचं म्हणून पाणीखात्यातली बावीस वर्षांची नोकरी त्याने सोडली होती, आणि आता परतीचा रस्ता नव्हता. त्याने अर्ध्या शहराचे नळ दुरुस्त करून दिले होते. तरी मामाने गल्लोगल्ली माणसं पाठवून विचारलं, तेव्हा उत्तर सगळीकडून एकच आलं. माणूस चांगला आहे, पण चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

चेहरा डोळ्यांसमोर आणायचा तर तो या घराचा धंदाच होता. आत्याचे वडील, नाना, यांनी हा स्टुडिओ काढला. त्यांच्यामागे आत्याने तो चालवला, आणि आता धाकट्याची मुलगी कॅमेरा सांभाळत होती. तेवीस वर्षांची, बापाहून वीतभर उंच, तरी घरात तिला सगळे ठकी म्हणत.

पहिला फोटो मामाच्या पसंतीचा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवून काढलेला. धाकट्याची छाती रुंद, हनुवटी वर, मागे उंच इमारत, नजर लोकांच्या डोक्यांवरून कुठेतरी लांब.

“खालून काढला की माणूस पुतळा दिसतो,” आत्या म्हणाली. “लोक पुतळ्याकडे मान वर करून बघतात खरं, पण पाणी आलं नाही तर पुतळ्याला जाऊन सांगत नाहीत.”

“पुतळे निवडून येतात, ताई,” मामा म्हणाला.

दुसरा वहिनीच्या पसंतीचा. बाह्या दुमडलेल्या, दात दिसेपर्यंत हसू, पिवळसर ऊबदार उजेड, आणि कपाळावरच्या आठ्या कॉम्प्युटरवर पुसून काढलेल्या. वहिनीला त्यात नवरा पंधरा वर्षांनी लहान झालेला दिसत होता. मामाने बहिणीला विचारलं, की तू याला लग्नाला उभा करते आहेस की निवडणुकीला? त्यावर वहिनी म्हणाली, की लग्नाला उभा राहिला तेव्हाही तू असाच मध्ये बोलत होतास.

सकाळपासून भावाबहिणीत हेच चाललं होतं. तिसऱ्याकडे कुणी वळलंच नव्हतं, कारण तो ठकीने आत्ता, साडेचार वाजता, छापून टांगला होता.

तिसऱ्यात काहीच नव्हतं. मागे राखाडी पडदा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे बघणारा आणि उमेदवार एका पातळीवर. हसू नाही, आठी नाही. साधा शर्ट.

मामा बोलता बोलता थांबला. वहिनीनेही वर पाहिलं. मग मामा दोन पावलं डावीकडे गेला आणि परत उजवीकडे आला.

“बघतोय,” तो म्हणाला. “जाईन तिकडे बघतोय.”

“आपल्याला ओळखतो असं वाटतं,” वहिनी हलकेच म्हणाली.

आणि सकाळपासून एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे एका क्षणात एका बाजूला झाले. हाच. याला मत पडेल. असा माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटणार नाही. मामाने फोन काढला आणि छापखान्याला सांगितलं, की फोटो ठरला, पाठवतो. धाकटा मात्र स्टुलावरून उठला नाही. त्या फोटोकडे त्याने पाठच फिरवली होती.

 आत्याने टेबलावरचं भिंग उचललं, चिमटा काढून फोटो खाली घेतला आणि डाव्या बुबुळावर भिंग धरलं.

माणसाच्या डोळ्यात समोरच्या उजेडाचा एक ठिपका पडतो. तो नसला तर डोळा मेलेला दिसतो. हे तिने ठकीला ती सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. चेंडूवर चुन्याने नाक-डोळे काढायचे, विजेरी धरायची आणि विचारायचं, की सांग, आता हा कोण? विजेरी खालून धरली की ठकी म्हणे, भूत. बाजूने धरली की म्हणे, चोर. वरून जरा तिरकी धरली की म्हणे, आपले नाना. ठिपक्यावरून दिव्याचा आकार ओळखायचा खेळही तेव्हाचाच. ठकीचा दिवा गोल होता, म्हणून ठिपका गोल पडायला हवा होता.

भिंगाखाली ठिपका गोल नव्हता. चार तावदानांची खिडकी होती. उजवीकडचं खालचं तावदान किंचित काळपट.

“ठकी,” आत्या म्हणाली, “जरा आत ये.”

काळोख्या खोलीत आता फिल्म धुतली जात नसे, नुसतं जुनं सामान होतं. आत्याने दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, की माझा खण तू कधी उघडलास?

“कुठला खण?”

“मला राग नाही आला. फक्त खरं सांग. या फोटोत डोळे कुठून आणलेस?”

 ठकी म्हणाली, “आत्या, मी काही केलेलं नाही. बाबा बसले, मी बटण दाबलं. एक सुरकुतीसुद्धा पुसली नाही. चल, मूळ फोटो दाखवते.”

बाहेरच्या कॉम्प्युटरवर तिने मूळ फोटो उघडला आणि डोळा पडदाभर मोठा केला. चार तावदानं. खालचं उजवं काळपट. ठकीने मान वळवून आपल्या गोल दिव्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. तिने खुर्ची थोडी मागे सरकवली.

आत्या परत आत गेली. खणाची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती, बारा वर्षं तिथेच होती. खणाच्या कडेवर धुळीचा थर जसाच्या तसा होता. आत मऊ कापडात गुंडाळलेली काचेची निगेटिव्हही जशीच्या तशी होती. शेजारी नानांचा पुठ्ठा.

पुठ्ठा वहीएवढा, मधोमध एक आडवी खाच. नाना तो चेहऱ्यावर धरत, म्हणजे फक्त डोळे दिसत. ते म्हणत, तोंड हसतं तेव्हा डोळे काय करतात ते वेगळं बघावं. तोंडाला शिकवता येतं.

“हा कशाचा गं?” मागून आलेल्या ठकीने पुठ्ठा उचलला, आणि सांगायच्या आत ती तो घेऊन बाहेरच्या भिंतीशी गेली.

त्या भिंतीवर सात चेहरे ओळीने लावले होते. या स्टुडिओत फोटो काढून शहराचे प्रमुख झालेले सात जण. धान्याचा व्यापारी, वकील, डॉक्टर, निवृत्त मास्तर, आणखी तिघे. कुणी जाडा, कुणी टक्कल पडलेला, कुणी मिशीवाला. ठकी त्यांच्याखाली लहानाची मोठी झाली होती. तिने पहिल्यावर पुठ्ठा धरला. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर जरा वेळ. मग ती भराभर शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्याकडे आली.

खोलीत मामाचा फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही.

“आत्या,” ठकी म्हणाली, “हा सगळा एकच माणूस आहे.”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आत्या खुर्चीवर बसली आणि, लहान मुलांना सांगावं तसं, पहिल्यापासून सांगू लागली.

तिला आणि धाकट्याला एक मोठा भाऊ होता. दादा. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे, पण तो होता हे सगळ्यांना माहीत होतं. बाविसाव्या वर्षी तीन दिवसांच्या तापात गेला. आत्या तेव्हा चौदाची, धाकटा तीन वर्षांचा. दादा जायच्या महिनाभर आधी नानांनी नोकरीच्या अर्जासाठी त्याचा फोटो काढला होता, इथेच, उत्तरेच्या मोठ्या खिडकीच्या उजेडात. तिला चार तावदानं होती आणि एक काळवंडलेलं होतं. पुढे शेजारची इमारत उठली तेव्हा ती खिडकी विटांनी बुजवली.

दादा गेल्यावर सहा महिन्यांनी निवडणूक आली. धान्याचा व्यापारी फोटो काढायला आला. नाक-तोंड बरं होतं, पण डोळे सारखे दुकानाच्या गल्ल्यावर असल्यासारखे. नानांनी चार वेळा काढला, चारही वाया. मग एक दिवस ते या काळोख्या खोलीत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. दादाचा फोटो योग्य मापाचा छापला, डोळ्यांची पट्टी पात्याने कापली, व्यापाऱ्याच्या फोटोवर बसवली, कडा ब्रशने मिसळल्या आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. व्यापाऱ्याला काही कळलं नाही. आपण असेच दिसतो असं त्याला वाटलं. चांगला आलेला फोटो कुणालाच परका वाटत नाही.

तो निवडून आला. नानांनी असे पाच केले. जाताना त्यांनी हे एकट्या आत्याला सांगितलं, आणि तिने पुढचे दोन केले.

“सातही निवडून आले?” मामाने विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती, पण हिशेबही होता.

“सातही. आणि एक गोष्ट आम्ही कुणाला बोललो नाही. भिंतींवरचे कागद पावसापाण्याने सुटायचे, पण डोळ्यांची पट्टी सुटायची नाही. कपाळ गेलं, तोंड गेलं, तरी दोन डोळे वर्षभर भिंतीला असायचे. झाडूवाले खरवडून थकायचे.”

सातव्याने शाळेची इमारत पाडून तिथे दुकानं काढली. त्या शाळेच्या बाई एकदा स्टुडिओत आल्या, भिंतीवरच्या त्याच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी याच्या डोळ्यांत बघून मत दिलं होतं हो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी आत्याने खणाला कुलूप घातलं. त्यानंतरच्या दोन निवडणुकांत उमेदवारांनी बाहेरून फोटो काढून आणले, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

“डोळे खोटे नव्हते,” ती म्हणाली. “आम्ही ते खोट्या तोंडांवर बसवले. पण हा फोटो मी केलेला नाही. ठकीने केलेला नाही. मग हे इथे आले कसे?”

“मी आणले,” धाकटा म्हणाला.

स्टुलावरून त्याचा आवाज इतका शांत आला, की आधी कुणाला तो त्याचा वाटलाच नाही.

“ताई, आईला निवडणुकीचं वेड आहे असं आपण म्हणायचो, आठवतं?”

आत्याला आठवत होतं. सगळ्या घराला आठवत होतं. तो घरातला कायमचा विनोद होता. एरवी आई उंबऱ्याबाहेर पडत नसे, पण भिंतींवर चेहरे लागले की पायात चपला घालून तयार. कोणत्या पक्षाचा, काय बोलतो, तिला काही देणंघेणं नसे. एकेका भिंतीसमोर उभी राही. नाना थट्टेने म्हणत, हिला मंत्री करा.

“मला घेऊन जायची,” धाकटा म्हणाला. “मी आठ वर्षांचा होतो. वकिलाचा फोटो लागला होता. आई माझा हात धरून उभी होती आणि त्याच्याकडे अशी बघत होती, की मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्याकडे तिने तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, याच्यात काहीतरी आहे, ते मला यायला हवं. घरी येऊन आरशासमोर बसलो. पापण्या किती उचलायच्या, मान किती वळवायची, सगळं भिंतींवर बघून शिकलो. दादाचे डोळे आहेत हे कुणाला ठाऊक? मी वकिलाची नक्कल करत होतो.”

“आणि आईने पाहिलं?” आत्याने विचारलं.

“एकदाच केलं तिच्यासमोर. तिच्या हातातला कप पडला. मग तिच्यासमोर नाही केलं कधी. आज ठकी म्हणाली, बाबा, लोकांनी विश्वास ठेवावा असं बघा. मला दुसरं काही येतच नाही, ताई.”

वहिनी नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. कधीकधी एखादी गोष्ट पटवायची असली की हा असा बघायचा आणि आपल्याला नाही म्हणवत नसे, ते का, हे तिला आता कळलं. नंतर मात्र रात्रभर आपल्या घरात कुणी पाहुणा येऊन गेल्यासारखं वाटायचं, असंही ती म्हणाली.

“नजरेचं कळलं,” ठकी पुटपुटली. “पण बाबा, नजर शिकता येते. खिडकी कशी शिकता येईल?”

 सगळ्यांनी बुजवलेल्या खिडकीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे विटा होत्या, विटांवर चुना होता आणि चुन्यावर कॅलेंडर होतं.

मामाने घड्याळाकडे पाहिलं. त्याचं म्हणणं असं, की झालं ते झालं. कापलेलं नाही, चिकटवलेलं नाही, म्हणजे फसवणूकही नाही. माणसाने स्वतःच्या चेहऱ्यावर आणलेली नजर आहे. सात निवडून आले, हा आठवा येईल, आणि हा तर चांगला माणूस आहे. नोकरी सोडून बसलाय, हरला तर काय करायचं? पाच वाजत आले आहेत. पाठवून द्या.

“नाही,” वहिनी म्हणाली. पंचवीस मिनिटांत ती दुसऱ्यांदा बाजू बदलत होती. “हा माणूस माझ्या घरचा नाही.”

“मग घरी जा दुसरा फोटो घेऊन, आणि भिंतीवर लाव.”

“तुझे दाजी काय म्हणतात ते तर विचार,” असं काहीसं वहिनी बोलणार होती, पण तेवढ्यात काठीचा आवाज आला.

आई उठली होती. शहाऐंशी वर्षांची, वाकलेली, पण चष्म्याआडून सगळं टिपणारी. ती सरळ टेबलाशी आली. फोटो तिथेच पडला होता, कुणाला झाकायचं सुचलं नाही.

तिने चष्मा सारखा केला आणि फोटोवर वाकली.

“हा कुठल्या पक्षाचा?” तिने विचारलं.

धाकटा स्टुलावरून उठून दोन हातांच्या अंतरावर आला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला नको म्हणून आत्याने मान फिरवली.

“आई, हा आपला धाकटा आहे,” ती म्हणाली.

“शर्ट धाकट्याचा आहे,” आई म्हणाली. “वरचा दादा आहे. मला काय सांगतेस?”

मग ती खुर्चीत बसली आणि, आज काय भाजी आणायची ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, की पहिल्या व्यापाऱ्यापासून आपल्याला माहीत आहे. नानांनी सांगितलं नाही, आपण विचारलं नाही. भिंतीवर लागला की जाऊन भेटून यायचं. कागद फाटला की पुढच्या निवडणुकीची वाट बघायची.

“नानांनी फोटो काढला तेव्हा दादा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता,” ती म्हणाली. “मी शेजारी उभी होते, हातात त्याचा दुसरा शर्ट घेऊन. माझ्याकडे बघत होता. तुम्हाला वाटलं तो तुमच्याकडे बघतोय. सगळ्या गावालाच वाटलं.”

भिंतीवरचे सात जण ऐकत असल्यासारखे शांत होते. आत्याला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठ करून उभं राहवेना.

“आई,” धाकटा म्हणाला, “यातला कुठला लावू?”

तिने त्याला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. तो बसला. सवयीने त्याची मान जरा वळली, पापण्या जरा वर गेल्या, आणि आत्याच्या समोर दादा बसला होता.

“ते नको,” आई म्हणाली. “ते त्याला राहू दे. तू बघ.”

धाकट्याला काय करावं ते कळेना. चाळीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट खाली ठेवली तर हाताचं काय करायचं, तसं झालं. ठकीच्या हातातला पुठ्ठा आईने मागून घेतला. ती तो त्याच्या चेहऱ्यासमोर धरेल असं सगळ्यांना वाटलं. तिने तो मांडीवर पालथा ठेवला आणि पूर्ण चेहराच बघत बसली.

“तुझे डोळे बारीक आहेत,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांचे. समोरचा बोलून संपेपर्यंत ते असेच बारीक करून ऐकत बसायचे. आणि एक भुवई वर. मला दिसली कशी नाही? इतकी वर्षं मी भिंतीकडे बघत होते, आणि तू शेजारी उभा होतास.”

 धाकटा ऐकत होता. त्याचे डोळे बारीक झाले, त्यात पाणी आलं, पण पडलं नाही. एक भुवई वर गेली, जणू पुढचं ऐकायचं राहिलं होतं.

ठकीने बटण दाबलं. आपण कॅमेऱ्यामागे कधी गेलो हे तिलाही नंतर सांगता आलं नाही.

चौथा फोटो छापून टेबलावर आला तेव्हा साडेपाच झाले होते. कॉलर एका बाजूला तिरकी. कपाळावर आठ्या होत्या तेवढ्या. वहिनीने कॉलर कॉम्प्युटरवर सरळ करता येईल का विचारलं. आत्या म्हणाली, राहू दे. कॉलर सरळ केली की लोकांना वाटेल हा आरशासमोरून उठून आलाय. तिरकी राहिली की वाटेल, कुणाचं तरी काम करून आलाय, आणि ते खरंही आहे. ठकीने मागचा पडदा जरा उजळ करू का म्हटलं, त्याला तिने हो म्हटलं. पडद्याचं कुणाला काही वाटून घ्यायचं कारण नव्हतं.

मग तिने भिंग धरलं. डाव्या बुबुळात ठिपका होता. गोल. दिव्याचा.

मामा तोंड पाडून बघत होता. हा सुंदर नाही, भव्य नाही, याच्यापुढे मान वर करावी लागत नाही, हे सगळं त्याचं मोजून झालं होतं. शेवटी तो खुर्चीवर टेकला.

“हरलो तर माझ्या नावाने बोलू नका,” तो म्हणाला. “पण एक आहे. याला मी पाणी येत नाही म्हणून जाऊन सांगेन.”

पावणेसहाला फोटो गेला. मामा छापखान्यात निघाला, धाकटा आणि वहिनी त्याच्याबरोबर पायऱ्या उतरली, आणि खालून त्यांचं पुन्हा कशावरून तरी सुरू झालेलं भांडण ऐकू आलं. या वेळी पूर्ण आवाजात होतं. आत्याला ते ऐकून बरं वाटलं.

आईने टेबलावरचा तिसरा फोटो उचलला. पदराने त्यावरची नसलेली धूळ पुसली आणि तो छातीशी पालथा धरला.

“चल,” ती त्याला म्हणाली. “फार लोकांसाठी उभा राहिलास. आता बस घरात.”

काठी टेकत ती आत गेली. आतल्या खोलीत तिचं हळू बोलणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं. मग थांबलं.

ठकी कॉम्प्युटर बंद करायला बसली होती. ती एकदम ताठ झाली.

“आत्या,” ती म्हणाली, “इकडे ये. तिसरा फोटो बघ. मूळचा.”

आत्या जाऊन तिच्यामागे उभी राहिली. पडद्यावर तोच राखाडी पडदा होता, तोच साधा शर्ट, तीच जरा वळलेली मान. फक्त डोळे मिटलेले होते. दोन्ही पापण्या शांतपणे खाली आलेल्या, गाढ झोपलेल्या माणसाच्या असतात तशा.

“मघाशी उघडे होते,” ठकी म्हणाली. “तू पाहिलेस. मी पाहिले. मी सगळ्यांना बोलावते.”

आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पडद्याचा उजेड हळूच कमी केला.

“राहू दे,” ती म्हणाली. “पंचेचाळीस वर्षं उघडे होते.”